खालचा पट्टा

भंडारदऱ्याला लोक हिंडायला जातात. परत आले की धुकं सांगतात, डोंगर सांगतात, गरम भजी सांगतात. मीही जाऊन आले, पण माझ्याकडून तसलं फारसं ऐकायला मिळणार नाही. मी तिथं पाण्याच्या काठाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते आणि त्यातला बराचसा वेळ माझं डोकं फिरलेलं होतं. ज्या बायांच्या घरात नात आहे आणि ज्यांच्या गावाला नदी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. शब्द चुकला तर सुधारून वाचा.

बेलापूर

माझी नात ऋतुजा अकरावीला आहे. तिच्या कॉलेजातली काही पोरंपोरी दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याच्या धरणावर होडी चालवायला शिकायला जाणार होती. होडी म्हणजे नावाड्याची नव्हे. एकाच माणसाची, दोन्ही टोकांना निमुळती, आमच्या गव्हाणीपेक्षाही अरुंद. वल्ह्याला दोन्हीकडं पातं. तिला कयाक म्हणतात. तिथं जी पोरं चांगली निघतील त्यांना उन्हाळ्यात मोठ्या शिबिराला घेणार होते, आणि तिथं बुडणाऱ्या माणसाला बाहेर कसं काढायचं ते शिकवणार होते. ते शिकलं की पुढं शिकवायचं कामही मिळतं.

ऋतुजाला ते पाहिजे होतं. ती रडली नाही, उपाशी राहिली नाही. रोज सकाळी बापाला चहा देताना एकदा विचारायची आणि कप उचलताना एकदा.

बाप म्हणजे माझा मुलगा दत्ता. वाईट माणूस नाही. ऊस आहे, गाई आहेत, कुणाच्या अध्यात नाही. पण पोरगी ओल्या कपड्यांत चार लोकांसमोर उभी राहणार, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना.

"पान्यात पडायचं शिकायला येवढ्या लांब कशाला जायचं?" तो म्हणाला. "हितं नदी हाय की."

"मग नदीत शिकवा," ऋतुजा म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळला. "आई, तू जा हिच्या सोबतीला. सगळं बघून ये. तुला बरं वाटलं तर उन्हाळ्यात पाठवू. न्हाई वाटलं तर विषय बंद. तू म्हनशील तसं."

मोठा हुशार. मी काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. मी पाण्याच्या जवळ जात नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रवरा घरापासून हाकेवर आहे, पण धुणं मी आयुष्यभर हापशावर आणि नंतर नळावर धुतलं.

कारण सांगते आणि पुढं जाते. माझं माहेर मुळा नदीच्या काठचं. माझी धाकटी बहीण सुमन नदीवर धुणं धुवायला गेली होती. सोबतच्या एका पोरीचा पाय घसरला. दुसरीनं तिला हात दिला, ती गेली. सुमननं दुसरीला हात दिला, तीही गेली. एकमेकींच्या हातात हात घालून सगळ्या गेल्या. मी तेव्हा शेतात होते, मला दुपारी कळलं. लोक म्हणाले, नदीनं घेतली. माझी आई तेव्हापासून दरवर्षी नदीची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू. जिनं पोरगी नेली म्हणतात तिलाच खण-नारळ.

माझ्या भावांना वडिलांनी विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. पोरं आधी बोंबलायची, मग हसायची. सुमन आणि मी काठावर त्यांची कोरडी कापडं धरून उभ्या असायचो. आमच्या पाठीला भोपळा बांधावा असं कुणाच्या मनात आलं नाही. पोरी विहिरीत उतरत नसतात, झालं.

तर मी निघाले ती नाही म्हणायचं ठरवूनच निघाले. पिशवीत दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली.

संगमनेर, अकोले, राजूर

कॉलेजची गाडी पुढं गेली होती, त्यात सोबतीच्या म्हातारीला जागा नव्हती. ऋतुजा माझ्याबरोबर एसटीनं आली. संगमनेरच्या स्टँडवर चहा घेतला. चहा म्हणजे गरम साखरपाणी. मी तसं त्या चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, कारखान्याच्या भागातली मानसं तुमी, तुमाला साखरेचं काय आलंय?" तोंडाळ होता, पण बोलला ते खरं होतं.

अकोल्याच्या पुढं ऊस संपतो आणि भात सुरू होतो. काढणी झालेली होती, खाचरांत नुसते खुंट उभे होते. आमच्याकडं सपाट. नजर जाईल तिकडं ऊस, मका, कांदा. इथं प्रत्येक वावर वेगळ्या उंचीवर, जसं कुणी जिना बांधलाय. डोंगर इतके जवळ की मान वर करून बघावं लागतं. मला मान वर करून बघायला आवडत नाही, मणका दुखतो.

राजूरला पेढे घेतले. पेढे चांगले होते. त्या वाटेवर मी न कुरकुरता केलेली ती एकच गोष्ट.

रस्त्याच्या कडेनं नदी दिसत होती. ऋतुजा म्हणाली, "आजी, ही आपलीच प्रवरा." माझा विश्वास बसेना. आमच्या गावची नदी पसरट, बंधाऱ्याला तुंबलेली, जलपर्णीनं हिरवी झालेली. ही दगडांतून उड्या मारत चालली होती. वरच्या धरणातून सुटलं की हेच पाणी आमच्याकडं कालव्याला येतं. जन्मभर हे पाणी उसाला दिलं, गाईंना पाजलं, आणि त्याचं घर आज बघत होते.

शेंडी

धरणाच्या फुगवट्याला लागून तंबू ठोकलेले होते. पाणी लांबपर्यंत पसरलेलं, निळं, आणि अगदी शांत. बघणारे त्याला सुंदर म्हणतात. मला शांत पाण्याचा जास्त राग येतो. खळाळतं पाणी निदान सांगून येतं.

स्वयंपाकाला तिथली हिराबाई होती. माझ्याहून वयानं थोडी लहान. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत, काष्टा घट्ट खोचलेला. माझंही नऊवारीच, पण पोटरीच्या खाली येतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "येवढं लांब नेसून चिखलात कसं उभं राहता?"

"आमच्याकडं चिखल न्हाई. उसाला पानी दिलं की बांधावर बसायचं."

"मंग बरंय तुमचं."

तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं कालवण वाढलं. नागलीची भाकरी दिसायला शेणीसारखी आणि खायला बाजरीपेक्षा मऊ. भात मात्र इतका वाढते की ताट दिसत नाही. आमच्याकडं भात म्हणजे शेवटचा घास. तिथं भात हेच जेवण, भाकरी तोंडी लावायला. मी शेंगदाण्याची चटणी काढली. हिराबाईनं खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मला ती बाई आवडली.

शिकवणारा तरुण माणूस होता. सगळे त्याला विशाल सर म्हणायचे. पुण्याकडचा, पिळदार, उन्हानं रापलेला. त्यानं पोरापोरींना काठावर बसवलं आणि पहिल्यांदा होडीचं काहीच सांगितलं नाही. त्यानं विचारलं, "समोर कुणी बुडताना दिसलं तर काय कराल?"

एक पोरगा म्हणाला, "उडी मारनार, सर."

"मेलास," सर म्हणाले. "तो तुझ्या गळ्यात पडेल आणि तुला घेऊन जाईल. तू काय करशील?" हे दुसऱ्या पोरीला.

"हात देईन."

"तूही मेलीस."

पोरं हसली. मी हसले नाही.

मग त्यानं नीट सांगितलं. आधी ओरडायचं, माणसं गोळा करायची. मग काठावर पालथं पडायचं, उभं राहायचं नाही, आणि काठी पुढं करायची. काठी पोचत नसेल तर दोर. दोर नसेल तर ओढणी, साडी, काहीही लांब. तरंगणारा डबा असेल तर तो फेकायचा. हात द्यायचा नाही. बुडणाऱ्याला आपला हात कधीच द्यायचा नाही.

एवढंच. शाळेच्या पाढ्यांपेक्षा सोपं.

मी खुर्चीवर बसून ते ऐकलं आणि माझं डोकं भणभणलं. मुळेच्या काठावर त्या दिवशी धुणं वाळत घातलेलं होतं. पुरी नऊवार लुगडी, एक नाही, कितीतरी. कुणी एक पिळून फेकलं असतं तर दोर झाला असता. हे त्या पोरींना सांगायला कुणाला काय खर्च होता? विहिरीत उतरवायचं नव्हतं, ठीक आहे. निदान काठावर बसवून सांगायचं तरी. त्याच्याऐवजी लोकांनी सांगितलं काय, तर नदीनं घेतली. एकदा नदीनं घेतली म्हटलं की गावात कुणाला काही विचारता येत नाही.

संध्याकाळी हिराबाई चुलीजवळ म्हणाली, "आजी, तुमी जेवला न्हाई नीट. भात आवडला न्हाई?"

"भाताचा राग न्हाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, पाण्यात

सकाळी जाकिटं वाटली. जाड, फुगीर, नारिंगी. ती घातली की माणूस तरंगतो. पुढून तीन पट्टे आणि खालून एक. तो खालचा मागून येतो, दोन पायांमधून पुढं घ्यायचा आणि पोटाजवळ अडकवायचा.

विशाल सरांनी पोरांना ओळीत उभं केलं. एकेकाचा पट्टा हातानं ओढून बघितला. खालचाही. ढिला असेल तर "आवळ, आवळ" म्हणून स्वतः आवळला. मग पोरींकडं वळले, आणि माणसाचा आवाजच बदलला.

"मुलींनो, वरचे पट्टे घट्ट. खालचा तुमचा तुम्ही बघून घ्या." असं म्हणून त्यांनी तोंड पाण्याकडं फिरवलं.

पोरी एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या. कुणी तो पट्टा मागं गुंडाळून खोचला, कुणी लोंबता ठेवला. ऋतुजानं कमरेला गाठ मारली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, असेल काही शोभेचं.

मग होड्या पाण्यात गेल्या. बसायला शिकवलं, वल्हं धरायला शिकवलं. ऋतुजाचं वल्हं पहिल्यांदा पाण्याला कमी आणि शेजारणीच्या डोक्याला जास्त लागलं. थोड्या वेळानं मात्र ती सरळ जायला लागली. पाठ ताठ, हात एका लयीत. मी तिला एवढं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं. शेजारी उभी असलेली हिराबाई म्हणाली, "पोरगी चांगली मारते की."

"अजून बुडाली न्हाई म्हनून," मी म्हणाले.

माझी जीभ काळी की काय कुणास ठाऊक. कारण त्याच्यापुढचा धडा बुडायचाच होता. होडी मुद्दाम उलटी करायची, बाहेर यायचं, होडी धरायची आणि शिट्टी वाजवायची. पहिला पोरगा उलटला, जाकिटानं त्याला बुचासारखं वर आणलं. दुसराही आला. मग ऋतुजा.

ती उलटली. नारिंगी जाकीट वर आलं. ऋतुजा आली नाही.

म्हणजे आली, पण जाकिटाच्या आत. जाकीट तिच्या कानांच्या वर चढलं होतं, हात आपोआप वर गेले होते आणि तोंड आत पाण्यात. शिट्टी जाकिटाला बांधलेली, ती डोक्याच्याही वर लोंबत होती. सर झेपावले आणि त्यांनी खांद्याचा पट्टा धरून ओढलं, तर जाकीट अजून वर. मग त्यांनी तिला काखेत धरून काठाला आणलं. ती खोकली, पाणी ओकली, परत खोकली. हे सगळं होईपर्यंत मी खुर्चीतून उठून गुडघाभर पाण्यात गेलेली होते. कधी गेले ते मला आठवत नाही.

"काही नाही, घाबरली," सर म्हणाले. "पहिल्यांदा होतं असं. मुली जरा जास्त घाबरतात."

आता माझा तोल गेला.

"ती घाबरली न्हाई. तुझं जाकीट तिच्या थोबाडावर आलंय. त्या पोरांच्या का आलं न्हाई?"

"त्यांनी खालचा पट्टा लावलाय, आजी. त्यानं जाकीट खाली धरून राहतं."

"हिनं का न्हाई लावला?"

"मी सांगितलं होतं सगळ्यांना."

"सांगितलं? तोंड फिरवून? पोरांचे एकेक ओढून बघितलेस. पोरींना म्हनलास तुमचं तुमी बघा. पान्याला काय कळतं का रं पोरगा कोन आन पोरगी कोन?"

माणूस लाल झाला. पण खोटं बोलला नाही, हे त्याच्या नावावर लिहिते. म्हणाला, "आजी, मी पुरुष आहे. मी तिथं हात लावू शकत नाही. मागं एका मुलीला नुसतं पट्टा लाव म्हटलं, तर तिचे वडील इथं येऊन ओरडून गेले. पोरीला कसले पट्टे बांधायला लावता म्हणून. तेव्हापासून आम्ही तो विषयच काढत नाही."

"मग एक बाई ठिवायची शिकवायला."

"शोधतोय की. पोहता येणारी, होडी चालवणारी बाई या भागात कुठून आणू?"

कुठून आणणार? त्या सगळ्या बाया विहिरीच्या काठावर भावांची कापडं धरून उभ्या आहेत. आणि त्या ओरडून गेलेल्या बापाला मी ओळखत नव्हते असं तरी कसं म्हणू? तसलाच एक माझ्या घरी बेलापूरला बसला होता आणि तो मीच वाढवला होता.

ऋतुजा वाळूवर बसून नाक पुसत होती. सर तिला म्हणाले, "तू आज राहू दे. उद्या बघू." ती माझ्याकडं बघायला लागली. मी काय म्हणणार याच्यावर तिचं सगळं होतं. मी जर तेव्हा म्हटलं असतं की चल घरी, तर ती आली असती, आणि बापाला जे पाहिजे होतं ते आयतं मिळालं असतं. उन्हाळ्याचं शिबिर संपलं. सगळ्या गावानं म्हटलं असतं, बरं झालं परत आणली, नाहीतर नदीनं घेतली असती.

"आन ते जाकीट हिकडं," मी सरांना म्हणाले.

"कशाला?"

"घालायला. खायला न्हाई."

त्यांनी दोनदा नाही म्हटलं. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी एक मोठं जाकीट दिलं, दोन पोरांना माझ्या दोन्ही बाजूंना उभं केलं आणि आम्ही छातीभर पाण्यात गेलो. पाणी बर्फ होतं. लुगडं भिजून असं जड झालं की कुणी पायाला धरून ओढतंय. मी आधी खालचा पट्टा न लावता अंग सोडलं. जाकीट लगेच हनुवटीला आलं, मग कानाला. तोंडात पाणी गेलं. पोरांनी धरलं. मग मी उभी राहिले, तो पट्टा मागून पुढं घेतला आणि अडकवला. तो माझ्या काष्ट्यावर असा बसला की जणू त्याच्यासाठीच शिवला होता. परत अंग सोडलं. जाकीट जागचं हललं नाही. मी आभाळाकडं तोंड करून रिकाम्या डब्यासारखी तरंगत राहिले. एवढ्या वर्षांत पाण्यात पहिल्यांदा. फार काही वाटलं नाही. कानात पाणी गेलं आणि थंडी वाजली, एवढंच.

बाहेर आले तर पोरी गोळा झालेल्या. हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

मी त्या पोरींना म्हणाले, "कशाची लाज वाटती गं तुमाला? ह्या पट्ट्याची? हा बघा माझा काष्टा. कुठून जातो? दोन पायांतूनच जातो ना? हिराबाईचा बघा. आमच्या आया असंच नेसून शेतात राबल्या, बाजारात गेल्या, देवळात गेल्या. तवा कुनी वरडलं न्हाई. लुगड्याचा चालतो आन जाकिटाचा चालत न्हाई?"

मी ऋतुजाजवळ गेले. "ऊठ. उभी राहा." ती उभी राहिली. कमरेची गाठ मी सोडली, पट्टा मागून घेतला, पुढं ओढला, अडकवला आणि असा आवळला की तिनं "आजी, लागतंय" म्हटलं.

"लागू दे. जा."

"परत उलटी होऊ?"

"मग काय पोहे खायला आलोय हितं?"

मग सगळ्या पोरींचे पट्टे मी लावले. एकीची आई शहरातली होती, ती सोबत आली होती. ती म्हणाली, "अहो, तिचं ती लावेल." मी म्हणाले, "मघाशी लावला होता का?" तिनं पोरीला पुढं केलं. सर लांब उभे राहून बघत होते. कॅम्पवाल्यांचा एक माणूस मोबाईलवर फोटो काढत होता. तिकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

ऋतुजा गेली. मधे थांबली, काठाकडं एकदा बघितलं, आणि होडी उलटी केली.

मी श्वास धरला वगैरे लिहिणार नाही. मी हिराबाईचं मनगट धरलं होतं आणि तिच्या बांगड्या माझ्या तळहातात रुतल्या, एवढं लिहिते. जाकीट वर आलं, जाकिटातून डोकं वर आलं, तोंड उघडं, केस चिकटलेले. तिनं शिट्टी तोंडात धरली आणि अशी वाजवली की पलीकडच्या काठाची कुत्री भुंकायला लागली.

"सोडा आता हात," हिराबाई म्हणाली. "बांगडी पिचली माजी."

तिसरा दिवस आणि परत

शेवटच्या दिवशी त्यांनी बचावाचा धडा घेतला. एकानं पाण्यात बुडल्याचं सोंग करायचं, दुसऱ्यानं होडी घेऊन जायचं, होडीचं टोक त्याच्या हाताला द्यायचं, स्वतःचा हात द्यायचा नाही, आणि ओढत काठाला आणायचं. ऋतुजाच्या वाट्याला पहिल्या दिवशी "उडी मारनार" म्हणालेला तो धिप्पाड पोरगा आला. तो सोंग सोडून तिची चेष्टा करत होता. "मॅडम, वाचवा, माझं लगीन व्हायचंय." ती म्हणाली, "टोक धर, न्हाईतर लगीन राहील." आणि त्याला उसाच्या मोळीसारखा ओढून आणला. विशाल सर म्हणाले, उन्हाळ्यात हिला नक्की पाठवा. मी म्हणाले, "बघू." लगेच हो म्हणून त्याला शेफारून कशाला ठेवायचं.

निघताना मी हिराबाईला पिचलेल्या बांगडीसाठी पैसे देत होते, तिनं घेतले नाहीत. नागलीचं पीठ मात्र बांधून दिलं आणि म्हणाली, "मीठ जास्त घाला." मी तिला राजूरचे पेढे देऊन टाकले.

घरी आले तर दत्ता ओट्यावर बसलेला. हातात मोबाईल. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यानं तो माझ्यासमोर धरला. कॅम्पवाल्यांनी आईबापांच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. फोटोत ऋतुजा ओलीचिंब, हात वर करून उभी, आणि एक हात तिच्या पायांमधून पट्टा पुढं ओढतोय. बाकीचं माणूस फोटोत आलेलं नव्हतं.

"हे काय हाय, आई?" तो म्हणाला. "ह्याच्यासाठी पाठवली व्हती का मी? समद्या ग्रुपनं बघितलंय. त्या मास्तराला मी—"

"हात कुनाचा हाय ते बघ."

"कुनाचा का असंना—"

"बघ म्हनते ना. मोठा करून बघ."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. सुरकुतलेलं मनगट, हिरव्या बांगड्या, आणि विळ्यानं तुटून वाकडं जुळलेलं माझं बोट. त्या बोटानं मी त्याला भरवलेलं आहे. त्याला ते ओळखता आलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. जाकीट कसं तोंडावर आलं, शिट्टी कशी डोक्यावर लोंबत होती, मास्तर का बोलला नाही, कोणता बाप का ओरडून गेला. तो मधे एकदा ऋतुजाकडं बघायला लागला आणि मग बघेना.

"तू म्हनला व्हतास, मी म्हनंन तसं," मी म्हणाले. "उन्हाळ्यात ती जाईल."

"लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनत्यात ते मी सुमनच्या वक्ताला ऐकलंय. लई सोपं असतं ते म्हनायला."

तो मोबाईलकडं बघत म्हणाला, "फोटो तरी काढून टाकायला सांगतो."

"सांग. लाव फोन. आन लावलायस तर आनखी एक सांग. एक बाप पट्टा लाव म्हटलं म्हनून वरडून गेला व्हता. तू न लावल्याबद्दल वरड."

त्यानं फोन लावला. आधी फोटोचं बोलला. मग थांबला, खाकरला. आमच्यासमोर त्याला ते बोलवेना. तो उठला, गाईंकडं तोंड करून उभा राहिला आणि हळू म्हणाला, "आन ऐका सर. त्यो खालचा पट्टा. समद्या पोरींचा लागलेला पायजे. व्हय. तुमी स्वतः बघायचा. न्हाई, मी वरडनार न्हाई. न लावला तर वरडंन."

तोंड फिरवूनच बोलला. त्या मास्तरासारखंच. पण बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजानं त्याला चहा दिला. तिनं काही विचारलं नाही. कप उचलतानाही नाही.